स्टेटस एलईडींसाठी कर्नल ड्रायव्हर: आधी तक्ता, मग तारा, शेवटी कोड

दिवा लावणं-विझवणं हे कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) सर्वात सोपं काम, असा समज आहे. म्हणूनच घाईत लिहिलेले ड्रायव्हर सर्वात जास्त इथेच सापडतात. नवशिक्यांचे जे ड्रायव्हर माझ्याकडे वाचायला येतात त्यांतल्या चुका ठरलेल्या असतात: स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस (ड्रायव्हरशी बोलायची खास फाइल), त्यावर स्वतःचे आयोक्टल (त्या फाइलीला द्यायच्या आज्ञा), दिवा कधी लुकलुकायचा याचे नियम ड्रायव्हरच्या पोटात, आणि मॉड्यूल काढताना कोसळणारा बोर्ड. मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. ड्रायव्हरला दिवा कसा लावायचा एवढंच ठाऊक असावं. तो का लावायचा आणि कधी, हे त्याच्या कानावरही जायला नको.

हातात धरायला एक उदाहरण घेऊ. गोव्यातल्या मालीम जेटीवर लागणाऱ्या एखाद्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये बसवायचा पॅनल. आत लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड. पॅनलवर एक हिरवा दिवा, एक लाल दिवा, एक तिरंगी आरजीबी आणि एक अंबर. हिरवा आणि लाल थेट बोर्डाच्या जीपीआयओवर, म्हणजे कोडने चालू-बंद करता येणाऱ्या पिनांवर. आरजीबी आणि अंबर मिळून चार चॅनल एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर, जो आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरून बोलतो. त्याचा रजिस्टर नकाशा, म्हणजे चिपच्या कोणत्या कप्प्यात काय असतं, आपणच ठरवलेला आहे: ० वर ओळख, १ वर एनेबल, २ ते ५ वर प्रत्येक चॅनलचा ८ बिटांचा उजेड, ६ वर लुकलुकण्याचा वेग, ७ वर कोणते चॅनल लुकलुकतील त्याचा मास्क (प्रत्येक चॅनलला एक बिट).

कर्नल ६ च्या मालिकेतला धरला आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना स्पेलिंग कर्नलच्या एलईडी हेडर फाइलीतून उचला.

## १. कोणता दिवा काय सांगतो, याचा तक्ता

कागद घ्या. प्रत्येक दिव्यासमोर चार गोष्टी लिहा: स्थिर असला तर अर्थ काय, लुकलुकला तर काय, विझलेला असला तर काय, आणि तो बघून माणसाने करायचं काय. चौथा रकाना भरता येत नसेल तर तो दिवा काढून टाका. पॅनल तांडेलासाठी (बोटीच्या प्रमुखासाठी) आहे. तुमच्या डीबगिंगसाठी सिरियल पोर्ट आहे.

सर्वाधिक घोळ ‘विझलेला’ या रकान्यात होतो. लाल दिवा बिल्जमधल्या (जहाजाच्या तळातल्या) पाण्याचा इशारा देतो असं ठरवलं, तर तो विझलेला असणं म्हणजे ‘पाणी नाही’, ‘सेन्सरची तार तुटली’, ‘बोर्ड हँग झाला’ आणि ‘दिवाच गेला’ या चारही गोष्टी झाल्या. म्हणून हिरव्या दिव्याचं काम इथेच ठरतं: तो सतत हलता राहिला तरच लाल दिव्याच्या विझण्यावर विश्वास ठेवायचा. स्थिर हिरवा दिवा या कामी निरुपयोगी आहे. बोर्ड मेला तरी जीपीआयओ शेवटच्या अवस्थेत अडकून राहू शकतो आणि दिवा जळतच राहतो.

वेग दोनच ठेवा. सेकंदाला एकदा आणि सेकंदाला चारदा, एवढा फरक डोळ्याला चटकन कळतो. तिसरा वेग काढलात तर तो फक्त तुम्हालाच ओळखता येईल. लाल आणि हिरव्यात फरक न दिसणारी माणसं जहाजावरही असतात, त्यामुळे रंगाबरोबर जागा किंवा लय यांपैकी काहीतरी वेगळं हवंच.

रात्रीचा उजेड हाही तक्त्याचा भाग आहे. अंधाऱ्या केबिनमध्ये पूर्ण उजेडाचा निळा किंवा पांढरा एलईडी डोळ्यांवर येतो आणि बाहेरचं दिसेनासं होतं. खलाशी त्यावर चिकटपट्टी लावून मोकळे होतात. म्हणजे उजेड कमी-जास्त करणं ही चैन नाही, गरज आहे, आणि कोणता दिवा कोणत्या वायरवर जाणार हे त्यावरही ठरतं.

सावधान: जहाजाचे नेव्हिगेशन दिवे या पॅनलच्या वाटेला येऊ देऊ नका. मास्टवरचा, बाजूचे, मागचा, सगळे आपल्या स्वतंत्र स्विचवर आणि फ्यूजवर राहू द्या. लिनक्सच्या भरवशावर ते चालवायचे नसतात.

## २. नवा ड्रायव्हर खरंच लागतो का?

बहुतेकांचं काम या टप्प्यावरच संपायला हवं.

दिवा थेट जीपीआयओवर असेल तर ‘लेड्स-जीपीआयओ’ आहे. पीडब्ल्यूएमवर (पिन झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणारी सोय) असेल तर ‘लेड्स-पीडब्ल्यूएम’. एखाद्या सिस्टम कंट्रोलरच्या रजिस्टरातला एखादाच बिट असेल तर ‘लेड्स-सिसकॉन’. बाजारात मिळणारी चिप वापरली असेल, उदाहरणार्थ एनएक्सपीची पीसीए९६३३, तर तिचा ड्रायव्हर कर्नलच्या ‘ड्रायव्हर्स/लेड्स’ फोल्डरात आधीपासून आहे. अशा वेळी काम उरतं ते डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, काही ओळी लिहिण्याचं.

आपल्या पॅनलचा हिरवा आणि लाल दिवा इथेच बाजूला झाले. त्यांच्यासाठी कोडची एकही ओळ लिहायची नाही. ड्रायव्हर हवा तो फक्त मायक्रोकंट्रोलरच्या चार चॅनलसाठी, कारण त्याचा नकाशा आपला स्वतःचा आहे. अजून पीसीबी छापायला दिली नसेल तर एकदा थांबून विचारा: तयार चिप घेतली तर हा ड्रायव्हर आयुष्यभर सांभाळण्याची कटकट वाचेल का? माझं मत सरळ आहे. चार चॅनलसाठी स्वतःचा मायक्रोकंट्रोलर घालायला वेगळं सबळ कारण हवं, जसं की त्यालाच बटणं आणि बझरही बघायचे आहेत.

तपासणी: चिपच्या नावाने कर्नलच्या संपूर्ण सोर्समध्ये शोध घ्या, फक्त एलईडीच्या फोल्डरात नको. एकाच चिपमध्ये अनेक कामं असली तर तिचा मूळ ड्रायव्हर ‘एमएफडी’ (बहुकार्यी चिपांच्या) फोल्डरात असतो.

## ३. तारा, रोध आणि बूटच्या वेळची अवस्था

३.३ व्होल्टच्या पिनवर साधा लाल एलईडी लावला तर त्यावर साधारण २ व्होल्ट पडतात. उरलेल्या १.३ व्होल्टना ३३० ओहम रोध दिला की सुमारे ४ मिलिअँपिअर वाहतात. स्टेटस दिव्याला एवढे पुरेसे आहेत. निळ्या-पांढऱ्या एलईडीवर मात्र जवळपास ३ व्होल्ट पडतात. ३.३ मधून उरतं काय? एखादा मिलिअँपिअर, आणि तोही प्रत्येक नगागणिक वेगळा. ते दिवे ५ व्होल्टवरून ट्रान्झिस्टरमार्फत चालवा.

जहाजाच्या २४ व्होल्टवरून काही थेट घेणार असाल तर हिशोब २४ वर करू नका. इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब २८ व्होल्टच्या आसपास जातो.

आता बूट. बोर्डाला वीज मिळाल्यापासून कर्नलचा ड्रायव्हर प्रोब होईपर्यंत (चिपला जोडला जाऊन कामाला लागेपर्यंत) काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात पिन कोणत्या अवस्थेत असते? पुल-अप (पिन ‘हाय’कडे ओढून ठेवणारा रोध) असेल आणि लाल दिवा पिन ‘हाय’ झाल्यावर लागत असेल, तर दर बूटला बिल्जचा इशारा चमकेल. महिनाभरात माणसं त्या दिव्याकडे बघणं सोडतील. ही गोष्ट ड्रायव्हरने सुधारता येत नाही. पुल-डाउन रोधाने किंवा बूटलोडरमध्येच सुधारायची.

लाल दिवा थेट प्रोसेसरच्या जीपीआयओवर ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. कर्नल पॅनिकमध्ये गेल्यावर (सावरता न येणाऱ्या चुकीने थांबल्यावर) आय-टू-सीवरच्या दिव्याला हात लावता येत नाही, कारण त्या वाटेला झोपावं लागतं (काम बाजूला ठेवून बसची वाट बघावी लागते) आणि तोवर झोपायची सोयच उरलेली नसते. पॅनिक दाखवायचा दिवा हवा असेल तर तो साध्या, न झोपणाऱ्या पिनवरच हवा.

खाऱ्या हवेबद्दल इतकंच: कनेक्टरवर हिरवं चढलं की लुकलुकणारा दिवा आणि हलणारा संपर्क एकसारखे दिसतात. बोर्डाला कोटिंग द्या, कनेक्टर कुलूपवाले घ्या.

तपासणी: ड्रायव्हर लिहिण्याआधी प्रत्येक दिवा यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामांनी, लावून बघा. जीपीआयओसाठी ‘जीपीआयओ-सेट’, आय-टू-सीसाठी ‘आय-टू-सी-गेट’ आणि ‘आय-टू-सी-सेट’. इथे जो दिवा लागत नाही तो ड्रायव्हरनेही लागणार नाही, आणि मग तुम्ही दोन दिवस कोडमध्ये दोष शोधत बसाल.

## ४. डिव्हाइस ट्री आणि नावं

आधी बाइंडिंगची (या चिपसाठी डिव्हाइस ट्रीत काय लिहायचं याच्या नियमांची) यॅमल फाइल लिहा, मग कोड. ती लिहिताना हार्डवेअरचं वर्णन आणि तुमच्या इच्छा वेगळ्या करायला लागतात. ‘रात्री मंद’ हे डिव्हाइस ट्रीत बसत नाही. ‘चॅनल ३ वर अंबर दिवा’ हे बसतं.

प्रत्येक दिव्याला स्वतंत्र उपनोड, त्यात ‘रेग’ म्हणून चॅनलचा क्रमांक, ‘कलर’ आणि ‘फंक्शन’. रंगांचे आणि कामांचे स्थिरांक कर्नलच्या डीटी-बाइंडिंग्जमधल्या एलईडी फाइलीत आहेत. अलार्म, हार्टबीट, चार्जिंग, स्टेटस ही सगळी कामं तिथे सापडतात. मनाने नवी घडवू नका. एकाच रंगाचे आणि कामाचे दोन दिवे असतील तर ‘फंक्शन-एन्युमरेटर’ द्या. जुन्या उदाहरणांत दिसणारा ‘लेबल’ आता नव्या कामात वापरायचा नसतो.

हे केलं की सिसएफएसमध्ये (कर्नलमधल्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरात) ‘रेड:अलार्म’, ‘ग्रीन:हार्टबीट’ अशी नावं आपोआप तयार होतात. ती तयार करण्याचं काम कोअरचं, म्हणजे कर्नलमधल्या एलईडींच्या सामाईक कोडचं, आहे. ड्रायव्हरने नोंदणीच्या विस्तारित फंक्शनला ‘इनिट डेटा’मधून उपनोडचा फर्मवेअर हँडल द्यायचा, बस. ड्रायव्हरमध्ये नावासाठी एसएनप्रिंटएफ (मजकूर जुळवणारं फंक्शन) दिसला की मी तिथेच लाल पेन काढतो.

सावधान: एकाच नावाचे दोन दिवे नोंदवले तर कोअर सहसा नकार देत नाही. दुसऱ्याच्या नावाला ‘_१’ जोडतं आणि लॉगमध्ये एक ओळ टाकतं. कोणाला आधी नाव मिळेल हे प्रोबच्या क्रमावर ठरतं, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट कधी या दिव्याला हात लावेल, कधी त्या.

सावधान: पिन ‘लो’ केल्यावर दिवा लागत असेल तर ते डिव्हाइस ट्रीतल्या ‘ॲक्टिव्ह लो’ या खुणेनेच सांगा. ती खूण दिल्यावर जीपीआयओचं लायब्ररी कोड स्वतः उलट करून घेतं. ड्रायव्हरमध्ये पुन्हा उलटवलंत तर दोनदा उलटून मूळपदावर येईल.

‘डिफॉल्ट-स्टेट’मध्ये ऑन, ऑफ आणि कीप असे तीन पर्याय आहेत. बूटलोडरने लावलेला दिवा प्रोबच्या वेळी मिचकू नये यासाठी ‘कीप’ आहे. पण नव्या ड्रायव्हरमध्ये तो आपोआप चालत नाही: नोंदणीआधी चिपमधून उजेड वाचून क्लासडेव्हच्या (कोअरला दिव्याची माहिती देणाऱ्या स्ट्रक्टच्या) ‘ब्राइटनेस’मध्ये तुम्हालाच भरावा लागतो.

## ५. प्रोब: नोंदणी शेवटी

क्रम असा ठेवा आणि मोडू नका:

1. खासगी स्ट्रक्टसाठी जागा घ्या. प्रत्येक चॅनलच्या स्ट्रक्टमध्ये एलईडी क्लासडेव्ह गुंतवा, पॉइंटर नको. कंटेनर_ऑफने परत मूळ स्ट्रक्टवर येता येतं.
2. रेग्युलेटर (चिपचा वीजपुरवठा) आणि रिसेट पिन घ्या, चिपला वीज द्या.
3. रेगमॅप (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलची सोय) तयार करा. चिप स्वतःहून जे बदलते ते रजिस्टर ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर करा.
4. ओळख-रजिस्टर वाचा. जुळली नाही तर इथूनच परता.
5. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) सिद्ध करा.
6. सगळे चॅनल ज्ञात अवस्थेत आणा, ‘कीप’चे सोडून.
7. उपनोडांवर फिरा आणि एकेक दिवा नोंदवा.

नोंदणी म्हणजे दुकानाचं शटर उघडणं. उघडलं की गिऱ्हाईक आत. डिव्हाइस ट्रीत डिफॉल्ट ट्रिगर (दिवा कधी लागायचा हे ठरवणारा कर्नलमधला कोड) दिलेला असेल तर नोंदणीचं फंक्शन परत येण्याआधीच तुमच्या उजेडाच्या फंक्शनला पहिला कॉल येऊ शकतो. त्या क्षणी म्युटेक्स तयार नसेल, रेगमॅप नल असेल, तर बोर्ड बूटच्या मध्यातच कोसळेल. आणि हे तुमच्या टेबलवर दिसणार नाही, कारण तिथे तुम्ही ट्रिगर न देता तपासत असता.

रेग्युलेटर किंवा जीपीआयओ मिळाला नाही तर परत येणारा एरर तसाच वर द्या. ‘प्रोब डिफर’ (अजून तयार नाही, नंतर या) असेल तर कर्नल पुन्हा बोलावेल. ‘डेव्ह_एर्र_प्रोब’ वापरलंत की अशा तात्पुरत्या अपयशाने लॉग भरत नाही. उपनोडांच्या लूपमधून मध्येच बाहेर पडताना नोडचा संदर्भ सोडायला विसरू नका. नव्या कर्नलमधला ‘स्कोप्ड’ प्रकारचा लूप हे स्वतःच करतो.

## ६. उजेड: झोपायचं की नाही

या टप्प्यावर सावकाश जा.

क्लासडेव्हमध्ये उजेडासाठी दोन फंक्शनं आहेत. ‘ब्राइटनेस_सेट’ने कधीही झोपायचं नाही. ‘ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग’ला झोपायची मुभा आहे. यांतलं एकच भरायचं, आणि कोणतं ते हार्डवेअर ठरवतं. प्रोसेसरच्या रजिस्टरात थेट लिहायचं असेल तर पहिलं. आय-टू-सी, एसपीआय, यूएसबी, म्हणजे जिथे बसवर वाट बघावी लागते, तिथे दुसरं.

आय-टू-सीवर एक रजिस्टर लिहायला पत्ता, रजिस्टर क्रमांक आणि डेटा असे ३ बाइट जातात. प्रत्येकामागे पोच धरून २७ बिट. १०० किलोहर्ट्झच्या बसवर सुमारे ०.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात कर्नल दुसऱ्या कामाला जातो, म्हणजेच तुमचं फंक्शन झोपतं. टायमर किंवा हार्टबीट ट्रिगर मात्र उजेड बदलतो तो टायमरच्या कॉलबॅकमधून, जिथे झोपायला मनाई आहे.

तरीही चुकीचं फंक्शन भरलेले ड्रायव्हर ‘चालतात’. शेलमधून उजेडाच्या फाइलीत आकडा लिहिला की तो कॉल प्रोसेसच्या संदर्भात येतो, तिथे झोपलं तर चालतं. दिवा लागतो, लिहिणारा खूश. मग कोणीतरी ट्रिगर लावतं आणि लॉगमध्ये ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ उमटतं. म्हणून शेलमधून दिवा लागला, याला मी चाचणी मानत नाही.

‘ब्लॉकिंग’वालं भरलंत की बाकीचं कोअर बघतं: कॉल ॲटॉमिक (झोपायला मनाई असलेल्या) संदर्भातून आला तर काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकतं. तुम्ही स्वतःची वर्कक्यू घालायची नाही. तशा जुन्या ड्रायव्हरांची नक्कल अजून होते.

उलटी चूकही असते. साध्या जीपीआयओसाठी ‘सुरक्षित म्हणून’ ब्लॉकिंग भरतात. दिवा लागतो, पण वर्कक्यूच्या फेऱ्याने, आणि पॅनिकमध्ये वर्कक्यू चालत नसल्यामुळे तेव्हा मुळीच लागत नाही.

आता कुलपं. एका दिव्याचं काम वर्कक्यूवर एका वेळी एकदाच चालतं, पण एकाच चिपवरचे दोन दिवे एकाच वेळी आत येऊ शकतात. आपल्या चिपचं मास्क-रजिस्टर चारही चॅनल वाटून घेतात. वाचा, बदला, लिहा असं सुट्ट्या तीन पावलांत केलंत तर एका दिव्याचा बदल दुसरा पुसून टाकेल. एकाच रजिस्टरपुरता प्रश्न असेल तर ‘रेगमॅप_अपडेट_बिट्स’ पुरतं. वेग आणि मास्क अशी दोन रजिस्टरं एकत्र बदलायची असतील तर स्वतःचा म्युटेक्स हवाच.

‘मॅक्स_ब्राइटनेस’ खरं भरा. शून्य सोडलंत तर कोअर २५५ धरतं. नुसता चालू-बंद होणारा दिवा असेल तर १ भरा, नाहीतर यूजरस्पेसला वाटेल की २५५ पायऱ्या आहेत. येणारा आकडा कोअर आधीच मर्यादेत आणतं. ड्रायव्हरमध्ये पुन्हा कापू नका.

‘ब्राइटनेस_गेट’ फक्त तेव्हाच द्या जेव्हा हार्डवेअर स्वतःहून उजेड बदलू शकतं.

तपासणी: कर्नल बांधताना ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ आणि ‘प्रूव्ह लॉकिंग’ चालू करा. मग चारही दिव्यांवर टायमर ट्रिगर लावून तासभर सोडा. लॉग कोरा राहिला तरच पुढे.

## ७. लुकलुकणं

‘ब्लिंक_सेट’ दिलंच पाहिजे असं नाही. नसेल तर कोअर टायमरने लुकलुकवतं. दोन-चार दिव्यांसाठी त्याचा भार जाणवतही नाही. हार्डवेअरचं लुकलुकणं तेव्हा घ्या जेव्हा बोर्ड झोपलेला असतानाही दिवा चालायला हवा, किंवा बस आधीच गजबजलेली आहे.

घेतलंत तर करार पूर्ण पाळा. चालू आणि बंद काळाचे दोन पॉइंटर मिलिसेकंदांत येतात. दोन्ही शून्य असतील तर योग्य वेग तुम्ही निवडायचा आणि त्याच पॉइंटरांत परत लिहायचा. मागितलेला वेग नेमका जमत नसेल, समजा चिपची पायरी ५० मिलिसेकंदांची आहे आणि मागणी १२० ची आली, तर जवळचा १०० घ्या आणि १०० च परत लिहा. मुळीच जमत नसेल तर ‘ईइनव्हॅल’ हा एरर परत करा. कोअर सॉफ्टवेअरने काम भागवेल. आणि उजेड शून्य केल्यावर हार्डवेअरचं लुकलुकणं थांबलंच पाहिजे, म्हणजे उजेडाच्या फंक्शनमध्ये शून्याला मास्कमधला बिट उतरवायचा.

आपल्या चिपमध्ये वेग एकच आहे, चारही चॅनलना मिळून. बॅटरीचा इशारा देणारा अंबर सेकंदाला एकदा लुकलुकतोय आणि कोणी आरजीबीला सेकंदाला चारदा मागितलं, की भाबडा ड्रायव्हर वेगाचं रजिस्टर बदलतो आणि बॅटरीचा इशारा अचानक धडधडू लागतो. पीसीए९६३३ मध्येही लुकलुकण्याचं रजिस्टर गटाचंच आहे, त्यामुळे ही फक्त घरगुती चिपची अडचण नाही. उपाय: सध्या कोणता वेग चालू आहे आणि कोण वापरतंय हे म्युटेक्सखाली जपा. नवी मागणी त्याच वेगाची असेल तर द्या, वेगळी असेल आणि दुसरा कोणी वापरत असेल तर एरर परत करा. दुसऱ्या दिव्याला सॉफ्टवेअर मिळेल, पहिला बिघडणार नाही.

सावधान: तुम्ही ‘ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग’ भरलं नसेल तर ‘ब्लिंक_सेट’नेही झोपायचं नाही. कोअर तसंच गृहीत धरतं.

## ८. तिरंगी दिवा

आरजीबीचे तीन स्वतंत्र दिवे नोंदवू नका. तीन फाइलींत एकामागोमाग लिहिताना मधले रंग चमकून जातात. ‘मल्टिकलर’ क्लास वापरा. त्यात रंगांचं प्रमाण ‘मल्टी_इंटेन्सिटी’मध्ये आणि एकूण उजेड नेहमीच्या ‘ब्राइटनेस’मध्ये. कोअर गुणाकार करून देतं: प्रमाण २५५, ९६, ० आणि उजेड २५५ पैकी १२८ असेल तर चॅनलना १२८, ४८ आणि ० मिळतात. रात्री मंद करायला आता एकच आकडा बदलावा लागतो, रंग तोच राहतो. तिन्ही रजिस्टरं लागून असतील तर एकाच व्यवहारात लिहा. नकाशात २, ३, ४ ओळीने ठेवण्याचा फायदा इथे मिळतो.

## ९. ट्रिगर

दिवा कधी लागायचा हे ट्रिगर आणि यूजरस्पेस ठरवतात. हिरव्याला डिव्हाइस ट्रीत ‘हार्टबीट’ देता येतो. त्याची लय बोर्डावरच्या भारानुसार बदलते, हा दोष समजू नका. लालच्या नोडमध्ये ‘पॅनिक-इंडिकेटर’ ही खूण टाका. नेटवर्कचा दिवा असता तर ‘नेटडेव्ह’ होता.

मात्र हार्टबीट फक्त कर्नल जिवंत असल्याचं सांगतो. बिल्जचं पाणी मोजणारा तुमचा प्रोग्राम मेला तरी हिरवा दिवा ऐटीत धडकत राहील. तक्त्यात ‘हिरवा हलता म्हणजे पहारा चालू’ असं लिहिलं असेल तर हा ट्रिगर खोटं बोलतो. अशा वेळी ‘वनशॉट’ घ्या: प्रोग्राम दर फेरीला ‘शॉट’ फाइलीत लिहितो आणि दिवा एकदा चमकतो. प्रोग्राम थांबला की चमकणं थांबलं. आपल्या पॅनलसाठी मी हाच निवडेन.

सावधान: ‘ब्राइटनेस’ फाइलीत ० लिहिलं की लावलेला ट्रिगर गळून पडतो. शून्याहून मोठा आकडा लिहिला तर ट्रिगर राहतो आणि त्याचा कमाल उजेड बदलतो. रात्री दिवे मंद करणाऱ्या स्क्रिप्टने कुठे ० लिहिला, तर सकाळी उजेड परत येईल, लय येणार नाही. स्क्रिप्टमध्ये किमान १ ठेवा.

सावधान: या फाइलींत लिहायचा हक्क मूळचा रूटचाच असतो. त्यासाठी सगळा प्रोग्राम रूट म्हणून चालवू नका. यूडेव्हच्या (डिव्हाइसांचे हक्क ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमाने एका गटाला हक्क द्या.

## १०. काढून टाकणं आणि बंद करणं

‘डेव्हएम’ने (डिव्हाइस सुटलं की घेतलेलं आपोआप सोडणारी कर्नलची सोय) घेतलेल्या गोष्टी घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात, आणि त्या सुटतात ‘रिमूव्ह’ फंक्शन संपल्यानंतर. शिवाय दिव्याची नोंदणी रद्द होताना कोअर त्याला विझवायला जातं, म्हणजे तुमचं उजेडाचं फंक्शन शेवटचं एकदा चालतं.

दोन्ही जोडून बघा. ‘रिमूव्ह’मध्ये तुम्ही चिपची वीज तोडलीत, म्युटेक्स नष्ट केलात. त्यानंतर कोअर दिवा विझवायला आलं: मेलेल्या चिपशी, नष्ट म्युटेक्समधून. कधी नुसता आय-टू-सीचा एरर येतो, कधी सगळंच कोसळतं. नियम असा की दिवे डेव्हएमने नोंदवले असतील तर त्यांच्या आधीचं सगळंही डेव्हएमनेच घ्या. वीज तोडण्यासाठी ‘डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट’ आहे, म्युटेक्ससाठी ‘डेव्हएम_म्युटेक्स_इनिट’. असं केलं की ‘रिमूव्ह’ फंक्शन बहुतेक वेळा लागतच नाही.

सस्पेंडसाठी ‘कोअर_सस्पेंड_रिझ्यूम’ ही फ्लॅग पुरते. बंद होतानाही दिवा तसाच राहायला हवा असेल तर ‘रिटेन_ॲट_शटडाउन’. आपल्या पॅनलवर ती कुठेही नको.

## ११. जहाजावर चढवण्याआधी

टेबलवर हे सगळं करून बघा, याच क्रमाने:

- उजेडात ०, १, कमाल आणि कमालपेक्षा एक जास्त लिहा.
- सगळ्या दिव्यांवर ट्रिगर चालू ठेवून मॉड्यूल घाला-काढा, लूपमध्ये, ‘केसॅन’ (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) चालू असलेल्या कर्नलवर.
- ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून आणि कर्नलमध्ये बांधून, दोन्ही प्रकारे बूट करा. क्रमाच्या चुका बांधलेल्या प्रकारात बाहेर येतात.
- दिवे लुकलुकत असताना पॅनलची केबल उपटा. लॉगमध्ये एरर दिसले पाहिजेत, पण बाकी बोर्ड अडता कामा नये. कोअर स्वतः अपयशाची नोंद करतं, त्यामुळे ड्रायव्हरने दर कॉलला आणखी एक ओळ छापू नये.
- सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीने) मुद्दाम पॅनिक घडवा आणि लाल दिवा बघा.
- बिल्जचा प्रोग्राम मारून टाका आणि हिरवा थांबतो का ते बघा.

हार्डवेअर हाताशी नसेल तर थांबू नका. ‘जीपीआयओ-सिम’ खोट्या पिना देतो, ‘युलेड्स’ यूजरस्पेसमधून खोटे दिवे उभे करतो. ट्रिगरांच्या आणि स्क्रिप्टच्या चाचण्या त्यावर होतात.

मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर किनाऱ्याला असतो आणि पॅनल पावसाळ्याच्या दमट हवेत बंद पडून राहतो. बसवायचं काम याच दिवसांत उरका, पण शेवटची तपासणी जुलैअखेरीस पुन्हा करा: इंजिन चालू ठेवून, केबिन अंधारी करून, तांडेलाला समोर उभं करून. पहिल्या टप्प्यातला तक्ता त्याच्या हातात द्या आणि एकेक इशारा मुद्दाम घडवा. ज्या दिव्याचा अर्थ तो तक्ता न बघता सांगू शकत नाही, त्या दिव्याची ओळ तक्त्यात दुरुस्त करा. ट्रिगर बदलला की झालं, ड्रायव्हरला हात लावायची वेळ येत नाही.